पासवर्ड आपला, अर्ज आपला : विहारात संगणक वर्ग कसा चालवावा

दरवर्षी निकाल लागले की अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर अशा गावांतल्या झेरॉक्सच्या दुकानांत एकच चित्र दिसते. नुकतीच बारावी झालेली मुलगी कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभी असते. दुकानदार तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. घाईत ई-मेल स्वतःचाच टाकतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो, कधी मोबाईल नंबरही दुकानाचाच देतो. मुलगी पैसे देते, पावती घेते आणि निश्चिंत मनाने गावी जाते. पुढे कॉलेज तो अर्ज एखाद्या त्रुटीसाठी परत पाठवते. सूचना जाते दुकानातल्या फोनवर. मुदत निघून जाते आणि घरी सगळे म्हणतात, "यंदा शासनानं पैसे दिले नाही."

शासनाच्या चुका असतातच, त्या वेगळ्या मांडायला हव्यात. पण इथे मुलीचा अर्ज तिच्या हातात कधी नव्हताच. म्हणून आमचे म्हणणे असे आहे : आपल्या वस्तीत संगणक शिकवायचा असेल तर पहिला धडा स्वतःच्या खात्याचा असावा, चित्र रंगवण्याचा नव्हे. खाते आपले, पासवर्ड आपला, अर्ज आपल्या हाताने भरलेला. बाकी सारे धडे याच्या मागून येतात. असा वर्ग गावच्या बुद्धविहारात कसा उभा करावा, काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने, हे कार्यकर्त्यांसाठी येथे एकत्र दिले आहे.

आतापर्यंत काय झाले

महाराष्ट्रात संगणक शिक्षण नवीन नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था 2001 मध्ये स्थापन झाली आणि 2002 पासून तिचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावापर्यंत केंद्रे पोहोचली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून आपल्या हजारो मुलामुलींनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवे. पण प्रमाणपत्र फाईलमध्ये असलेली कितीतरी मुले आजही अर्ज भरायला दुकानातच जातात.

2017 मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणले. ग्रामीण भागातल्या सहा कोटी कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप होते. मार्च 2024 मध्ये ते संपले आणि उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. वीस तासांत फोन कसा वापरायचा, पैसे कसे पाठवायचे हे कळते. पण ज्या घरात संगणकच नाही, तिथे वीस तासांनंतर सराव कुठे करायचा? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत (2017-18) देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ 4.4 टक्के घरांत संगणक होता, शहरांत 23.4 टक्के. पाच वर्षांवरील ग्रामीण लोकांपैकी संगणक चालवता येणारे दहा टक्क्यांच्या आत होते. त्यानंतर फोन घरोघर आले, पण संगणक आला नाही.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात हरिसाल गाव आहे. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने ते देशातले पहिले 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणले गेले. शाळा, आरोग्य केंद्र, दुकाने इंटरनेटने जोडायची अशी ती कल्पना. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत हेच गाव राज्यभर वादाचा विषय झाले. जाहिरातीत दिसते ते गावात आहे का, असा प्रश्न जाहीर सभांतून विचारला गेला. त्या राजकारणात आम्ही पडत नाही. आपल्यासाठी धडा वेगळा आहे. तार, मनोरा आणि यंत्र बाहेरून आणता येते. गावात रोज संध्याकाळी बसून "दाखव, कुठे अडलं?" असे विचारणारा माणूस बाहेरून येत नाही. तो वस्तीतूनच उभा करावा लागतो.

जागा आणि वेळ

2011 च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे अठरा टक्के आहे, अमरावतीत तेरा टक्क्यांच्या आसपास. वऱ्हाडात बौद्ध वस्ती आहे तिथे बहुधा विहारही आहे. छप्पर आहे, वीज आहे, सतरंजी आहे, आणि मुख्य म्हणजे बायका तिथे संकोच न करता येतात. संस्थेचे भाडे नाही, "फी किती?" हा प्रश्न नाही.

वेळही आपल्याकडे ठरलेली आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया हातपाय धुऊन रात्री आठला विहारात बसतात. तीन महिने लोक रोज एका ठिकाणी जमतात, ही सवय तयारच आहे. वाचन संपल्यावर तासभर संगणक ठेवला तर वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळही साधारण याच महिन्यांत असते, त्यामुळे शिकलेले लगेच कामाला येते. सोयाबीनची कापणी लागली की वर्ग आठवड्यातून दोन दिवसांवर आणावा, बंद करू नये.

साहित्य

मोठ्या खर्चाची वाट पाहू नये. दोन-तीन जुने संगणक किंवा लॅपटॉप, एक वाढीव बोर्ड आणि कोणाच्या तरी फोनचे हॉटस्पॉट एवढ्यावर वर्ग चालतो. नोकरीला लागलेल्या मुलांनी जुना लॅपटॉप विकण्याऐवजी विहाराला दान द्यावा. दिलेल्या यंत्रातली खाजगी माहिती आधी पुसून घ्यावी. विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर नको. लिबरऑफिस मोफत आहे, त्यात मराठीत लिहिता येते आणि हिशेबही ठेवता येतो.

एका यंत्रावर तिघांपेक्षा जास्त नकोत. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा : माउस शिकणाऱ्याच्या हातात, शिकवणाऱ्याचे हात मागे. आपण चटकन हात घालून करून दिले की समोरची ताई म्हणते, "आपल्याच्यानं नाही होत बाप्पा, तूच कर." तिथे वर्ग संपतो.

पहिला धडा : खाते आणि पासवर्ड

माउस धरणे, फोल्डर करणे, फाईलला नाव देणे यासाठी दोन संध्याकाळी पुरतात. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचे स्वतःचे ई-मेल खाते उघडावे. त्यावर स्वतःचा किंवा घरातल्याच विश्वासाच्या माणसाचा नंबर. पासवर्ड लांब असावा. आपल्यालाच माहीत असलेले तीन-चार शब्द जोडून केला तर लक्षात राहतो. जन्मतारीख, फोन नंबर आणि सगळ्यांना सहज सुचणारे 'जय भीम' यांपैकी काही पासवर्डात ठेवू नये. ज्यांना लक्षात राहत नाही त्यांनी तो घरातल्या वहीत लिहून ठेवावा. वही कपाटात असलेली बरी, पासवर्ड दुकानदाराकडे असलेला नको.

ओटीपी म्हणजे आपल्या सहीसारखा आहे, हे इथेच समजावावे. सही कोणी फोनवरून मागितली तर आपण देत नाही. निराधार योजना, लाडकी बहीण, पेन्शन, वीजबिल अशी नावे सांगून फसवणारे फोन येतात. लिंक उघडण्याआधी संकेतस्थळाचे नाव वाचायला शिकवावे. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. सार्वजनिक संगणकावर काम झाल्यावर 'साइन आऊट' करणे ही सवय दारे-खिडक्या लावण्याइतकी पक्की झाली पाहिजे.

दुसरा धडा : मराठीत टंकलेखन

आपल्या चळवळीची कितीतरी पत्रके, स्मरणिका, निवेदने जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडली आहेत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक साठवायचा आणि पडद्यावर फक्त आकार मराठी दाखवायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की अगम्य अक्षरे दिसतात, आणि इंटरनेटवर शोधून ती सापडत नाहीत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेले निवेदन कुठेही उघडते, शोधता येते आणि टिकते. नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच, हा वर्गाचा नियम असावा.

फोनवर मराठी कीबोर्ड आणि बोलून लिहिण्याची सोय आहे, तिथून सुरुवात करावी. बोललेले शब्द अक्षरे होऊन समोर उमटलेले पाहून पन्नाशीच्या बाईचा चेहरा खुलतो. पण बोलून लिहिलेले वाचून दुरुस्त करायलाही शिकवावे.

संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकावा. विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. रचना सोपी आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. महाप्राण अक्षर बहुधा त्याच कळीवर शिफ्टसह मिळते. 'क'च्या कळीवर 'ख', 'ब'च्या कळीवर 'भ'. सरावाचे पहिले शब्द आपल्या ओठावरचेच घ्यावेत. 'जय' लिहायला इंग्रजी 'पी'ची कळ आणि तिरप्या रेषेची कळ. 'भीम' लिहायला शिफ्टसह 'वाय', मग 'आर', मग 'सी'. पाच कळा आणि मध्ये एक स्पेस, झाला पहिला शब्द. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त म्हणजे 'डी'ची कळ. 'बुद्ध' मधला 'द्ध' म्हणजे 'द', हलन्त, 'ध'.

आपल्या प्रांताचे नाव लिहिताना मात्र सगळे अडतात. 'वऱ्हाड' मधला अर्धा 'र' साधा नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे' दाबला की 'ऱ' येतो, पुढे हलन्त आणि 'ह'. जुन्या पद्धतीत हाच आकार साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून काढत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात आणि शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. असे बारीक फरक सोडून द्यायचे नसतात. आपल्या गावाचे, आपल्या माणसांचे नाव शोधले की सापडले पाहिजे.

तिसरा धडा : अर्ज

हा वर्गाचा कणा आहे. प्रत्येकाने खरा अर्ज भरावा, नमुन्याचा नव्हे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 'महाडीबीटी' संकेतस्थळावरून मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज विद्यार्थ्याकडून कॉलेजकडे आणि तिथून समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. तो नेमका कुठे थांबला आहे हे स्वतःच्या खात्यातून पाहता येते. आठवड्यातून एकदा ते पाहायची सवय लावावी. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. इथे बहुतेकांची गफलत होते : बँकेत आधारची प्रत देणे वेगळे आणि थेट लाभासाठी खाते आधारशी संलग्न होणे वेगळे. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी संलग्न झालेल्या खात्यात रक्कम जाते. "पैसे आलेच नाही" म्हणणाऱ्या काहींचे पैसे विसरलेल्या खात्यात पडून असतात.

नावाचे स्पेलिंग आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला या तिन्ही ठिकाणी सारखे आहे का, हे अर्जाआधी तपासावे. धर्म आणि जात हे दोन रकाने वेगळे आहेत, हेही नीट समजावावे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. धर्माच्या रकान्यात बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात आपल्या दाखल्यावर जे आहे तेच. एका अर्जात एक, दुसऱ्यात दुसरे असे झाले की पडताळणीत अडकते. येणारी जनगणना डिजिटल पद्धतीने होणार असून कुटुंबाला स्वतः माहिती भरण्याचा पर्यायही सरकारने जाहीर केला आहे. धर्माच्या रकान्यात काय नोंदले गेले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल असा वर्ग त्याआधी प्रत्येक वस्तीत झाला पाहिजे.

दाखले डिजीलॉकरमध्ये ठेवायला शिकवावे. तिथले शासनाने दिलेले कागद मूळ कागदाइतकेच ग्राह्य असतात.

यानंतर माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. म्हणजे टंकलेखनाच्या वर्गासाठी हा नेमका मापाचा गृहपाठ आहे! विषयही शोधावा लागत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च केला? आपल्या वस्तीच्या विकास योजनेतून रस्ता मंजूर झाला का, किती रकमेचा? तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर पहिले अपील, तोही एक धडाच.

चौथा धडा : शोध आणि पडताळणी

बाबासाहेबांच्या नावाने रोज नवी वाक्ये फिरतात. फोटो असतो, खाली रुबाबदार वाक्य असते, ग्रंथाचे नाव नसते. ती पुढे पाठवून आपणच बाबासाहेबांच्या तोंडी नको ते घालतो. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले, सुरुवातीचे संपादन वसंत मून यांनी केले. हे खंड आज पीडीएफ रूपात मिळतात. वर्गात एक खेळ घ्यावा : व्हॉट्सअॅपवर आलेले वाक्य खंडांत शोधा. 1942 च्या नागपूरच्या भाषणातल्या त्या प्रसिद्ध त्रिसूत्रीतल्या शब्दांचा मूळ क्रम काय, हेही शोधायला लावा. उत्तर शिक्षकाने सांगू नये. स्वतः शोधून सापडलेले माणूस विसरत नाही. धर्म म्हणून आपण चिकित्सा स्वीकारली आहे, ती फोनवरही चालली पाहिजे.

पाचवा धडा : बातमी आणि पुरावा

29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी आठवडेच्या आठवडे तिची नीट दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केली, अहवाल लिहिले, फोटो आणि पत्रके हातोहात पोहोचवली. नोव्हेंबरमध्ये विदर्भ रस्त्यावर आला. अमरावतीत पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. तेव्हा बहुतेकांच्या हातात कॅमेऱ्याचा फोन नव्हता. आज आहे, पण पुरावा कसा जपायचा हे माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखा.

शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मूळ फोटो किंवा व्हिडिओ फोनमधून पुसू नये, कापू नये, त्यावर मजकूर लिहू नये. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्याचा दर्जा घटतो आणि आतली माहिती निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा आणि आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. कधी, कुठे, कोणी टिपले हे त्याच दिवशी वहीत लिहावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलची हॅश किंमत द्यावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. बदनामीकारक पोस्ट दिसली तर ती पुढे पाठवून पसरवू नये. पत्ता, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तक्रार द्यावी.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15-अ मध्ये, 2015 च्या दुरुस्तीनंतर, या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हे दोन्ही प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनमध्ये नोंदलेले असावे. पीडितेचे नाव आणि चेहरा मात्र कधीही टाकू नये. संताप कितीही असो, इथे चूक झाली तर त्रास तिलाच होतो.

बातमी लिहिण्याचा सराव गावातल्या कार्यक्रमापासून करावा. काय, कुठे, केव्हा, कोण, किती लोक, कोणाचे काय म्हणणे. शंभर शब्द पुरे. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा छापखाना, कागद आणि टपाल यांचा खर्च उभा करावा लागत होता. आज तो खर्च नाही. तपासून, नावानिशी, जबाबदारीने लिहिण्याचे कष्ट तेवढेच आहेत.

वर्ग जमला का, हे कसे ओळखावे

प्रमाणपत्र वाटून वर्ग मोजू नये. आश्विन पौर्णिमेला तीन प्रश्न विचारावेत. किती जणांनी स्वतःच्या खात्यातून एक तरी अर्ज भरला? किती जणींना घरातल्या पुरुषाला न विचारता आपला फोन उघडता आणि वापरता येतो? आणि शिकलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षी शिकवायला बसतील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल तर सावध व्हावे. मग आपण दुकानदाराच्या जागी कार्यकर्ता बसवला, एवढेच झाले. सगळ्यांचे पासवर्ड कार्यकर्त्याच्या वहीत, सगळे ओटीपी त्याच्या फोनवर. तो कितीही प्रामाणिक असला तरी ही नवी परवशताच. आपला वर्ग असा हवा की पुढच्या निकालानंतर तीच मुलगी विहारातल्या संगणकासमोर बसलेली असेल, अर्ज परत आल्याचे तिला त्याच दिवशी कळेल, आणि त्रुटी ती स्वतः दुरुस्त करेल. शेजारी तिची आई बसून पाहत असेल. दुसऱ्या दिवशी माउस आईच्या हातात द्यावा.